पंधरा दिवसांची सावली

चैत्र लागला की आमच्या घरात भांडण ठरलेलं. सूनबाई कूलरमध्ये पाणी भरते, खिडक्यांचे पडदे ओढते आणि मी खुर्ची उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. पहिल्या दिवशी घटकाभर, दुसऱ्या दिवशी त्याहून जरा जास्त, असं करत करत वैशाख येईपर्यंत चांगला अकरा-साडेअकरापर्यंत. "बाबूजी, ह्या वयात ऊन लागलं म्हणजे काय करायचं आम्ही?" ती दारातून ओरडते. मी म्हणतो, "थोडं थोडं लागू दे गं, म्हणजे एकदम लागणार नाही." मग ती कपाळाला हात लावते आणि म्हातारा हट्टी आहे म्हणून शेजारणीला सांगते. सांगू दे. हट्टी तर मी आहेच. पण हा हट्ट मी फार महागात शिकलोय, आणि महाग पडलं ते मला नाही, दुसऱ्याला.

आमचं ठोक कापडाचं दुकान जुन्या जालन्यात. आजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. घरात मारवाडी बोलायचं, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं की हैदराबादी हिंदी. दुकानाच्या पाठीमागे एक दगडी खोली होती. दाराला वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर दिवसातून चार वेळा पाणी मारायचं. बाहेर गल्ली भाजत असली तरी आत गेलं की अंगावर काटा यायचा. भारी माल त्या खोलीत. माझ्या वडिलांचा, म्हणजे आमच्या बाबूजींचा, नियम एकच होता आणि तो त्यांनी आम्हा भावंडांच्या डोक्यात लहानपणीच ठोकून बसवला होता: "थान उन्हात पडलं की रंग उडतो, आणि रंग उडाला की माल गेला." एकदा मी रेशमी थानांची पाटी उन्हात विसरलो होतो तर त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं होतं. सावलीत ठेवलेली चीज टिकते, ह्याच्या पलीकडे काही शहाणपण असतं असं मला चोवीस वर्षांचा होईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

ज्याला माझा हट्ट महाग पडला तो भानुदास. त्याची आणि माझी पहिली भेट मात्र उन्हातच झाली. कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजाराला आमची कापडाची गाठोडी जायची आणि ती घेऊन मी बसने जायचो. त्या दिवशी वैशाखातल्या टळटळीत दुपारी बसचं इंजिन तापलं, झाकणातून वाफ निघाली आणि ड्रायव्हरनं "आता निवू द्या बाईला" म्हणून बिडी पेटवली. आम्ही सगळे उतारू एका लिंबाखाली जीव मुठीत धरून बसलो. तेवढ्यात मागून एक काळासावळा, काटक गडी आला. खांद्यावर नांगराचा फाळ, पायात काही नाही, आणि पळतोय! चालत नाही हो, पळतोय. आमच्याकडे बघून हसला आणि तसाच पुढे गेला. बस निवून, पाणी पिऊन, ढकलून निघाली तेव्हा तो लोहाराकडे फाळ टाकून परत निघाला होता.

मी बसमधूनच ओरडलो, "अरे, मोटार तापली, तू कसा तापला न्हाईस?"

"ती आजच उन्हात आल्ती आसंल," तो म्हणाला. "मी होळीपासून हाये."

केवढं हसलो आम्ही! मी तर बाजारात चार जणांना सांगितलं. त्या बोलण्यात सगळं होतं. मी फक्त हसलो.

पुढे दोस्ती झाली. बाजाराच्या दिवशी तो आमच्या पालापाशी यायचा, गाठोड्यावर बसून काकडी खायचा. त्याच्या पळण्याची एक रीत होती, आणि ती त्याला कुणी शिकवली नव्हती. होळी झाली की पहिले काही दिवस तो दिवस उगवताना पळायचा. मग जरा उशिरा, न्याहारीच्या वेळेला. मग आणखी उशिरा. असं रोज थोडं थोडं सरकत अक्षय्य तृतीयेपर्यंत तो भर दुपारी पळायला लागायचा. मोटेवर बैल हाकायचं काम तर रोजचंच. सुरुवातीच्या दिवसांत त्याचेही हाल व्हायचे. तोंड लाल, काळीज गळ्यात आल्यासारखं धडधडायचं, पोटऱ्यांत वांब यायचे. सदरा वाळला की पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटायचे, इतके की एकदा मी बोट लावून चाखून बघितलं. खारट! तो म्हणाला, "आता बघा, पन्नाशेट, आठ-दहा दिसांत हे डाग जातील." आणि गेले. त्याच दुपारी, तेच अंतर, आणि आता उन्हात पाऊल टाकलं की घाम सुटायचा, भरपूर सुटायचा, पण पाण्यासारखा पातळ. सदऱ्यावर डाग नाही. धापही लागायची नाही. मनगट धरून बघितलं तर नाडी सुतासारखी सरळ.

"हे कसं होतं रे?" मी विचारलं.

"आंगाला पाझरायला शिकवावं लागतं," तो म्हणाला. "एकदम न्हाई शिकत ते. रोज थोडं थोडं."

मी मान डोलावली. मला काय कळलं होतं, कप्पाळ!

तुम्हाला सांगतो, त्याला पळताना बघणं हे एक सुख होतं. मी स्वतः दुकानाची पायरी चढलो तरी धापा टाकणारा माणूस. त्यामुळे त्याच्या पळण्याचा मला जो अभिमान वाटायचा तो जवळजवळ बापाला वाटावा तसा होता, आणि आम्ही होतो एका वयाचे. जत्रेतल्या शर्यतींत तो नारळ आणि फेटे जिंकायचा, आणि मिरवायचो मी.

आणि मग ते साल आलं. आदल्या दिवाळीत मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता. आमच्या बाजारातल्या चार व्यापाऱ्यांच्या डोक्यात आलं की मुंबईला मोठ्या शर्यती होतात, तिथं आता आपल्याकडचाही एक गडी दिसला पाहिजे. ठरलं. वैशाखातल्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीपासून निघायचं आणि जालन्यापर्यंत पळायचं. सात-आठ कोसांची मजल. दुपारची आरती झाल्याशिवाय देवाच्या दारातून कुणी हलायचं नाही, अशी पंचांची अट. पहिला येईल त्याला मुंबईला धाडायचं. मी भानूला न विचारताच त्याचं नाव देऊन टाकलं.  सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पन्नाशेट, माझ्या म्होरं पळणारा गडी मी आजून बघितलाच न्हाई. माझा दम किती हाये ते मलाच ठावं न्हाई. एकदा मोठ्या गड्यांत पळून बघायचंय बघा." त्याला मुंबईही बघायची नव्हती आणि बक्षीसही नको होतं. स्वतःचं माप बघायचं होतं, एवढंच. मला भरून आलं. मी म्हटलं, हा जिंकलाच पाहिजे.

आणि मी त्याला शर्यतीच्या पंधरा दिवस आधी जालन्याला घरी घेऊन आलो.

तो यायला तयार नव्हता. "मोटंवर काम हाये. हितं बसून मी काय करू?" मी म्हटलं, "काय करायचं नाही. आराम कर. ताकद साठव. उन्हात उगाच कामून जिरवतोस? शर्यतीला लागेल ना ती!" मालाची राखण करावी तशी मी त्याची राखण केली. वाळ्याच्या पडद्यांच्या त्या दगडी खोलीत त्याची बाज टाकली. माझी आई, आम्ही तिला बाई म्हणायचो, तिला तर पाहुणा म्हणजे देव. तूप, बदाम, ठंडाई, गुलकंद. पहिल्या आठवड्यात तो दोनदा म्हणाला, "बाई, दुपारी जरा पळून येऊ का?" बाईनं तोंडावर हात ठेवला. "अरे राम! घरातला पाहुणा भर दुपारी उन्हात पळाला तर लोक मला काय म्हणतील?" भानू खोलीत परतला. आमच्या अन्नाला नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पहाटे गार वाऱ्यात मोती तलावाच्या पाळीवर पळून यायचा, आणि मग दिवसभर सावलीत. पंधरा दिवसांत त्याच्या गालांवर तकाकी आली, रंगही जरा उजळला. बाई म्हणाली, "बघ, कसं तेज चढलंय!" मी पण म्हणालो, वा!

आता सांगतो ते मी फार वर्षांनी ऐकलं. आमचा एक पुतण्या डॉक्टर झाला. एकदा उन्हाळ्यात घरी आला होता तेव्हा मी त्याला हा किस्सा दुसऱ्या कुणाचा म्हणून सांगितला. तो म्हणाला, "काका, रोज उन्हात मेहनत केली की दहा-बारा दिवसांत शरीर बदलतं. अंगातल्या रक्तात पाणी वाढतं, म्हणून काळजाला तेच काम कमी ठोक्यांत जमतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. आतला ताप चढत नाही. पण हे सगळं टिकवावं लागतं. माणूस सावलीत बसला की दोन-तीन आठवड्यांत ते जसं आलं तसं उतरतं. म्हणून तर लांब पळणारे खेळाडू, गरम मुलखात शर्यत असली की आधी तिथे जाऊन उन्हात सराव करतात." मी विचारलं, "आणि कुणी उलटं केलं तर?" तो हसला. म्हणाला, "उलटं कोण करेल, काका?"

मी सुपारी कातरत बसलो. 

शर्यतीच्या दिवशी राजूरला ही गर्दी. आरती झाली, नारळ फुटले आणि वीस-पंचवीस गडी सुटले. मी सायकलवर मागोमाग. सुरुवातीलाच भानू सगळ्यांच्या पुढे. मी घंटी वाजवत ओरडत होतो, "वा रे वाघा!" कोसभर गेल्यावर मला जरा चमत्कारिक वाटलं. त्याला घाम सुटतच नव्हता. चेहरा मात्र विस्तवासारखा लाल. मग घाम आला, आणि थोड्याच वेळात सदऱ्याच्या पाठीवर ते पांढरे डाग उमटले. वैशाखात, भानूच्या पाठीवर! मी ते बघितलं. डोळ्यांनी बघितलं हो, पण डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, जोरात पळतोय म्हणून असेल.

चार कोसांवर त्याची चाल बिघडली. रस्त्याच्या ह्या कडेहून त्या कडेला जायला लागला. मी सायकल जवळ घेतली तर तो माझ्याकडे न बघता स्वतःच्या बैलांची नावं घेऊन त्यांना हाकत होता. अंग कोरडं ठणठणीत. घाम थांबलेला. मी हात लावला आणि चटका बसला.  "भानू, थांब! बस झालं, थांब!" तो थांबला नाही, पडला.

देवाची मेहेरबानी म्हणून जवळच एका मळ्यात मोट चालू होती. मोट हाकणारा एक म्हातारा धावत आला, त्याचा मुलगा आला. त्यांनी भानूला उचललं आणि थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं त्या हौदात, गळ्यापर्यंत बुडवलं. म्हातारा डोक्यावर पाणी ओतत होता आणि मी नुसता रडत होतो. चोवीस वर्षांचा घोडा, रस्त्यावर सगळ्यांसमोर रडत होतो. बराच वेळ गेला. मग भानूचा श्वास जरा सुरळीत झाला. तेव्हा म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा गडी शेतातला दिसतो. पाय सांगतात. मंग ह्याला ऊन कसं लागलं? कुठं होता हा इतके दिस?"

"माझ्या घरी," मी म्हटलं. "पंधरा दिवस. गारव्यात ठेवला होता, ताकद राहावी म्हणून."

 म्हाताऱ्यानं आपल्या बैलांकडे हात केला. "मालक, बैल पंधरा दिस गोठ्यात बांधून ठेवला आन् एकदम भर दुपारी मोटंला जुपला, तर त्यो बी आसाच बसतो. आमी फाल्गुनापासून सकाळची एक-एक पाळी वाढवत आणतो तेव्हा कुठं त्यो वैशाखात वढतो. जनावराचं कळतं आमाला, आन् तुमाला माणसाचं कळलं न्हाई?"

त्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. भानू शुद्धीवर नव्हता. म्हाताऱ्याचा मुलगा माझ्या सायकलवरून टांगा बघायला गेला होता. हे वाक्य फक्त मी ऐकलं.

शर्यत एका मेंढपाळानं जिंकली. तो आदल्या दिवसापर्यंत मेंढरांमागे उन्हात होता.

भानू चार दिवस आमच्याकडे पडून होता. बाईनं नवस बोलले, पायाच्या तळव्यांना कांदा चोळला, पन्हं पाजलं. पाचव्या दिवशी तो उठून बसला आणि त्यानं काय करावं? माझ्यापुढे हात जोडले. "पन्नाशेट, तुमी एवढं केलं. बाईनं तूप-बदाम घातलं. आन् मी तुमची मान खाली घातली. माझ्यात दमच न्हवता, उगाच गावात मिरवून राह्यलो."

तेव्हा बोलायला हवं होतं. त्याच क्षणी. एवढंच म्हणायचं होतं की बाबा रे, दम तुझ्यात होता, मी तो काढून घेतला. बाई दारात उभी होती, डोळ्याला पदर लावून. तिला हे कळलं असतं तर तिनं जन्मभर स्वतःला दोष दिला असता, असं मी मनाला सांगितलं. पण खरं सांगू? बाईचं निमित्त होतं. भानू मला उपकारकर्ता म्हणत होता, आणि ती खुर्ची सोडून गुन्हेगाराच्या जागी बसायची माझी छाती झाली नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "अरे, नशीब असतं एकेकाचं."

नशीब! थू माझ्या जिभेवर.

पुढच्या वैशाखात पुन्हा शर्यत ठरली. मी बाजारात विचारलं, "भानू, नाव देऊ?" तो हसला. "कशाला आपलं हसं करून घ्यायचं?" त्याच्या पुढच्या साली मी विचारलंच नाही. एक गोष्ट मात्र दिसत होती आणि ती मला बघवायची नाही. तो आता लोहाराकडे फाळ घेऊन चालत जायचा. होळी यायची, जायची. कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावर बसमधून मला कितीदा तरी तो दिसला, खांद्यावर ओझं, मान खाली, सावलीसावलीनं चाललेला. आणि दर वेळी मी ठरवायचो की आज सांगायचं. दर वेळी बाजार उठायचा आणि मी गाठोडी बांधून परत.

माणूस खोटं बोलतो ते एकदा. खरं न बोलणं मात्र रोजच्या रोज करावं लागतं, आणि त्याचीही अंगाला सवय होते. पहिल्या महिन्यात मला झोप लागायची नाही. नंतर लागायला लागली.

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात मी बाजार आटोपून त्याच्या शेतावर गेलो. दुपारची वेळ. गावागावांत गुलाल उधळून झाला होता, सगळे खुशीत होते. त्या खुशीनंच मला धीर आला असेल. भानू बांधावरच्या बाभळीखाली भाकरी खात होता. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाळ्याची खोली, म्हाताऱ्याचे बैल, पंधरा दिवसांत अंग कसं विसरतं ते, सगळं. "तुझा काही दोष नव्हता, भानू. तू आपल्या रीतीनं राहिला असतास तर तुला कुणी गाठलं नसतं."

त्याचा घास हातातच राहिला. तोंडावर काहीतरी उजळल्यासारखं झालं, लहान मुलाला चुकलेली वाट सापडावी तसं. मला वाटलं, सुटलो. आता हा मला मिठी मारणार.

"मंग माझ्यात दम होता?" त्यानं विचारलं.

"होता रे. बिलकुल होता."

"तुमाला हे कदी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हणता आलं असतं. पण नाही बोललो. "त्याच दिवशी," मी म्हटलं. "तू हौदात होतास तेव्हा."

त्यानं भाकरी फडक्यात बांधली, हात धुतले, चूळ भरली. उठून उभा राहिला. स्वतःच्या दंडाकडे, हाताकडे, पायांकडे त्यानं नीट बघितलं. तो चिडला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर मी आज निवांत कूलरसमोर बसलो असतो.

"तीन साल मी माझ्याच आंगाला शिव्या देऊन राह्यलो, पन्नाशेट," तो म्हणाला. "त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा होता?"